खड्डा खणणाऱ्यांचे हातमोजे

नोव्हेंबरातल्या काद्रीच्या सणाला तीन दिवस उरले होते, तेव्हा म्हाताऱ्या मान्नीने अंथरुणातून सुनेला हाक मारली, "हेल्यू, माझी पेटी आण."

हेल्यू चुलीपाशी बटाटे सोलत होती. सुरी हातातच थांबली.

"कशाला आता, आई? आज बरं वाटतंय की तुम्हाला. सकाळी वाटीभर दूध प्यायलात."

"दूध वासरूही पितं. म्हणून त्याला कापत नाहीत का? पेटी आण."

गेले दोन आठवडे हेल्यू याच एका वाक्याची वाट बघत होती आणि ते येऊ नये म्हणून देवाची आळवणी करत होती. देवाला इतर कामं असावीत.

उत्तरेच्या थंड समुद्रातल्या किह्नू बेटावर साठी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची अशी एक पेटी असते. त्यात तिच्या मरणाचे कपडे असतात. काळ्या पट्ट्यांचा घागरा, पांढरं पोलकं, डोक्याचा रुमाल, न वापरलेले बूट. आणि हातमोजे. ते तिच्या स्वतःसाठी नसतात. बेटावर कबर खणायला भाड्याची माणसं मिळत नाहीत. शेजारीच खणतात. चौघं खड्डा खणतात, सहा जण खांदा देतात, एक जण शवपेटी ठोकतो, एक घंटा वाजवतो, एक रस्त्यावर झाडाच्या डहाळ्या अंथरतो, शिवाय पाद्री. चौदा माणसं. मेलेली बाई त्यांचे आभार कसे मानणार? म्हणून ती जिवंतपणीच आभार विणून ठेवते. बारीक सुयांवर, आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचे, काळ्यापांढऱ्या नक्षीचे, मनगटाशी लाल कड असलेले चौदा जोड. शवपेटी खाली उतरली की घरची सून टोपली घेऊन पुढे येते आणि एकेकाच्या हातात जोड ठेवत म्हणते, 'हे तिच्या हातचं आहे.' मग ते हातमोजे घालून माणसं माती लोटतात. दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही. पुरुषासाठी बायको विणते, पण बाईचं बाईनेच विणलेलं असावं लागतं.

मान्नीने तिचे चौदा जोड विणायला सहा हिवाळे घेतले होते. डोळ्यांत पांढरं यायच्या आधीचे सहा हिवाळे.

आणि हेल्यूने ते विकले होते.

ते असं झालं. सप्टेंबरात मुख्य भूमीवरून त्रीन नावाची एक पोरगी आली. कसल्याशा कंपनीची. पायात चिखल न बघितलेले बूट, गळ्यात मोठा रुमाल, तोंडात सारखं 'वारसा, वारसा.' शाळेच्या खोलीत तिने नऊ बायका जमवल्या आणि सांगितलं की नाताळच्या सणासाठी कंपनीला बेटाचे हातमोजे हवेत. हाताने विणलेलेच हवेत. नोव्हेंबरच्या पहिल्या बोटीने माल पोचला पाहिजे.

"नाही जमलं तर नाइलाज आहे," त्रीन गोड आवाजात म्हणाली. "मग पुढच्या वर्षी यंत्रावर करावे लागतील. नक्षी तर आमच्याकडे आहेच."

नक्षी तर आमच्याकडे आहेच! जणू वाटेत पडलेली सापडली होती. पणज्यांनी डोळे फोडून बसवलेली नक्षी एका पोरीने खिशातल्या फोनवर फोटो काढून नेली, आणि त्या खोलीतल्या एकाही बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. उलट सगळ्या हिशेब करायला लागल्या की कुणाला किती जमेल. कुणी वीस म्हणाली, कुणी पंचवीस.

"मी चाळीस देते," हेल्यू म्हणाली.

शेजारची वीवे खो खो हसली. "चाळीस? अगं, तुझं मनगट आत्ताच कुरकुरतंय."

"तुझ्या तोंडाइतकं नाही कुरकुरत."

खोली हसली. त्रीन तर फारच खूश झाली. तिने तिथल्या तिथे हेल्यूचा फोटो काढला. डोक्याला रुमाल, हातात सुया, मागे खिडकी. दुकानात मोठा करून लावणार म्हणाली. हेल्यू दोन दिवस हवेत होती. चोपन्न वर्षांत कुणी तिचा फोटो मोठा करतो म्हणालं नव्हतं.

ऑक्टोबरात मनगट सुजलं. डॉक्टरने पट्टी बांधली आणि महिनाभर सुई धरू नको म्हणाला. हेल्यूने घरी येऊन पट्टी सोडली. दुखलं की दात आवळायची. महिना संपता संपता सव्वीस जोड झाले. बोट दोन दिवसांवर आली होती. वीवेकडे जाऊन 'माझ्याच्याने होत नाही, थोडे तू दे' एवढं म्हणायचं होतं. पण त्यापेक्षा जीभ हासडून दिलेली परवडली असती.

मान्नी तेव्हा ठणठणीत होती. शहाऐंशी वर्षांची बाई लाकडं फोडायची. ती कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली असताना हेल्यूने पेटी उघडली. उसने घेतेय, असं तिने स्वतःला सांगितलं. वसंतापर्यंत परत विणून ठेवीन. लोकर मान्नीच्या मेंढ्यांची, नक्षी मान्नीची, फक्त हात माझे. म्हातारी वसंतापर्यंत कुठे जात नाही.

चोर चोरी करताना स्वतःला काय काय सांगतो ते ऐकायला मिळालं असतं, तर पाद्र्याचं प्रवचन कुणी ऐकलं नसतं.

बोट गेली. आठ दिवसांनी मान्नी गारठ्यात पळालेला मेंढा शोधायला गेली आणि भिजून आली. दोन दिवसांत छातीत कफ भरला. मुख्य भूमीवरच्या इस्पितळात नेतो म्हटलं तर म्हणाली, "तिकडे मेले तर मला माल म्हणून परत आणाल. मी इथेच मरते, पायी जाण्याच्या अंतरावर."

तेव्हापासून हेल्यू मेंढ्यांच्या गोठ्यात बसून चोरून विणत होती. सुजलेल्या मनगटाने दोन आठवड्यांत दोन जोड झाले. बारा राहिले. शेवटी तिने त्रीनला फोन लावला होता.

"ते चौदा जोड? हेल्यूताई, ते तर सगळ्यात आधी गेले!" त्रीन किंचाळलीच. "काय काम होतं हो! एका बाईंनी सहा एकदम घेतले. काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावणार आहेत."

"भिंतीवर?"

"हो! घालणार नाहीत त्या. म्हणाल्या, इतकं सुंदर घालवत नाही."

खड्डा खणणाऱ्यांचे हातमोजे कुणाच्या तरी सोफ्याच्या वर.

"पोरी, मला ते परत हवेत. बारा तरी."

"अहो, आता कसं शक्य आहे? पण थांबा. पुढच्या वर्षीचे यंत्रावरचे नमुने आलेत. तुमचीच नक्षी आहे. मी स्वतः बघितले तरी फरक कळत नाही. पाठवते तुम्हाला. भेट समजा."

पुडकं बोटीने आलं. बारा जोड. काळेपांढरे, लाल कडेचे, एकमेकांची तंतोतंत जुळी. हेल्यूने पेटीत खाली स्वतःचे दोन ठेवले, वर हे बारा ठेवले आणि झाकण लावलं.

आता तीच पेटी तिने मान्नीच्या खाटेशी ओढत आणली.

मान्नीला आता आकारांपलीकडे फारसं दिसत नव्हतं. तापाने बोटांची टोकं कोरडी पडली होती. तिने घागरा चाचपला, रुमाल चाचपला, बूट उचलून हुंगले. मग हातमोज्यांवर आली. एकेक जोड उचलून मांडीवर घेऊ लागली. आत बोटं घालून, नक्षीवरून अंगठा फिरवून. हेल्यू पायथ्याशी उभी होती. एक जोड झाला. दोन. पाच. म्हातारीचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बघ गं," मान्नी म्हणाली. "बघ, कसा सरळ चालायचा माझा हात. एक टाका इकडचा तिकडे नाही. मलाच खरं वाटत नाही."

हेल्यूने घागऱ्याची घडी पुन्हा नीट केली.

"माझी आई म्हणायची, मान्नी, तुझं विणकाम म्हणजे दारुड्याची पाऊलवाट. आज असती तर दाखवलं असतं." ती खोकली आणि हसली. खोकण्याहसण्यातला फरक कळत नव्हता. मग तिच्या हाती हेल्यूचे दोन जोड लागले. अंगठा फिरता फिरता थांबला.

"हे माझे नाहीत."

हेल्यूने बूट उचलून पेटीत परत ठेवले.

"हे तुझे. अंगठ्यापाशी टाके आवळलेत. दुखलं की तू आवळतेस. तीस वर्षं तुझ्या हातचे मोजे घातलेत मी." मान्नीने पांढरे डोळे तिच्या दिशेने वळवले. "दोन जोड विकलेस ना त्या शहरातल्या पोरीला?"

त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण दोनाची कबुली मागणाऱ्या मरत्या बाईला बाराची कशी द्यायची?

"हो," हेल्यू म्हणाली.

"लाज वाटली का?"

"वाटली, आई."

"मग झालं. बारा माझे आहेत ना? पुरे. तुझे हे दोन पाद्र्याला नि घंटावाल्याला दे. त्यांचे हात कुठे राबतात? खड्डेवाल्यांना माझे दे. एंडेलला आधी, खड्डा तोच खणेल." आणि मग जरा मवाळ होऊन, "पेटी उघडीच ठेव. हात पोचेल अशी."

दोन दिवस ती पेटी खाटेशी उघडी राहिली. मान्नी जागी झाली की हात खाली सोडायची आणि यंत्राचं काम कुरवाळायची. हेल्यू त्या खोलीत जाताना भिंतीकडे बघत जायची.

काद्रीच्या आदल्या दिवशी, चार वाजता अंधारून येत असताना, दाराशी घंटा वाजल्या. काद्रीच्या बायका आल्या होत्या. पांढरे कपडे, तोंडावर पांढरी फडकी, हातात टोपल्या. दरवर्षी घरोघर फिरतात, मेंढ्यांना जुळी होवोत म्हणून गातात, आणि घरच्या बाईने वर्षभर काय विणलं ते तपासतात. काही नसलं तर तिची अब्रू चव्हाट्यावर मांडतात. त्या दिवशी दिवेलागणीपासून लोकरीच्या कामाला कुणी हात लावत नाही. लावला तर मेंढ्या मरतात.

"आजारी आहे घरात," आर्वो दाराशी म्हणाला. आर्वो हेल्यूचा नवरा, मान्नीचा एकुलता मुलगा. पण आतून मान्नी ओरडली, "येऊ दे त्यांना! मेले नाही मी अजून!"

त्या आत आल्या. गायल्या. मग एक फडकं पुढे झुकून हेल्यूला म्हणालं, "या घरच्या सुनेनं काय केलं वर्षभर? सुया दाखव, गंजल्या तर नाहीत?" आवाज बदललेला होता, पण वीवेचा होता.

"तिचं काय बघता?" मान्नी म्हणाली. "माझं बघा. पेटीतलं बघा. शेवटचं बघून घ्या."

हेल्यू मध्ये येणार होती. तोवर उशीर झाला होता. वीवेने वरचा एक जोड उचलला. नक्षी बघितली. मग, विणणारी बाई सवयीने करते तसं, हातमोजा उलटा केला.

आतल्या बाजूला गाठ नव्हती. धागे जिथून तिथे, शाळेच्या वहीतल्या रेघांसारखे. कुठे आवळलेला नाही, कुठे सैल नाही. कुठे थांबून चुलीवरचं भांडं उतरवलेलं नाही, कुठे रडणारं मूल उचललेलं नाही.

वीवेने हातमोजा पुन्हा सुलटा केला आणि जागेवर ठेवला.

"मान्नीआत्या," ती शेवटी स्वतःच्या आवाजात म्हणाली, "असं काम बेटावर आता कुणाला जमत नाही."

मान्नी समाधानाने उशीवर पडली.

अंगणात वीवेने हेल्यूला दंडाला धरून गोठ्याच्या भिंतीआड नेलं. फडकं वर सारलं.

"किती?"

"बारा."

"म्हातारीचे खरे कुठे आहेत?"

हेल्यूने सांगितलं. भिंतीवर, काचेत, कुणाच्या तरी घरात.

वीवेचा हात उठला. हेल्यूला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि तिला बरंच वाटलं असतं. पण तो हात तोंडाशी गेला.

"मला का नाही सांगितलंस गं? माझ्याकडे सहा जोड जास्तीचे होते ऑक्टोबरात. सहा!"

"तू हसली असतीस."

"हसले असते. मग दिले असते." वीवे चिडून म्हणाली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आता ऐक. तोंड शिवून घे आणि तेच वाट. पुरुषांना काय कळतंय? त्यांना उलटं-सुलटं बोटात घातल्यावर कळतं."

"एंडेलकाकांना कळेल."

"कळलं तरी तो बोलायचा नाही. आणि बोलायला नकोच कुणी." मग जे पोटात होतं ते वीवेने ओकून टाकलं. "त्रीनशी बोलणं झालंय माझं. पुढच्या वर्षीपासून हातमोजे यंत्रावर होऊन येणार. आपण फक्त लाल कड हाताने घालायची आणि चिठ्ठी शिवायची. हाताने विणलेलं म्हणून. नऊ जणींना वर्षभराचं काम आहे. तू कबरीवर बोंब मारलीस तर संपलं. दुकानात फोटो तुझा आहे, हेल्यू. तुझाच."

"म्हणजे तू आधीच—"

"माझं मनगट काय लोखंडाचं आहे?" वीवे म्हणाली आणि तोंडावर फडकं ओढून बाकीच्यांच्या मागे गेली. पुढच्या घरी घंटा वाजू लागल्या.

मान्नी काद्रीच्या सकाळी गेली. हात पेटीतच होता.

घरात मढं असताना सुई चालवत नाहीत. मेलेल्याच्या वाटेत धागे गुंततात म्हणे. काद्रीची मनाई आणि वर ही. तीन दिवस हेल्यूचे हात रिकामे होते. ती तीस वर्षांत कधी रिकाम्या हातांनी बसली नव्हती. इथल्या बायका चालताना विणतात, मोटरसायकलच्या बाजूच्या डब्यात बसून विणतात, चर्चबाहेर भांडताना विणतात. तिला आपले हात कुठे ठेवायचे तेच कळेना. बायका येऊन मान्नीला न्हाऊ घालून गेल्या, घागरा नेसवून गेल्या. मान्नीच्या हातांवर शेवटचं पाणी घालताना वीवेने एकदाही हेल्यूकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी जमीन पांढरी गोठली होती. एंडेल आणि तिघांनी वरचा थर कुदळीने फोडून खड्डा केला होता. एंडेल पंचाहत्तरीचा. आर्वोच्या बापाची कबरही त्यानेच खणली होती. शवपेटी खाली गेली. पाद्र्याने म्हणायचं ते म्हटलं. आर्वोने मूठभर माती टाकली. मग सगळ्यांनी हेल्यूकडे बघितलं.

ती टोपली घेऊन पुढे आली. पहिला पाद्री. मान्नीने सांगितलं होतं तसं तिने आपला एक जोड त्याच्या हातात ठेवला.

"हे माझ्या हातचं आहे," ती म्हणाली.

बायकांत चुळबुळ झाली. असं कधी कुणी म्हणत नाही. घंटावाल्यालाही ती तेच म्हणाली. मग एंडेलपुढे आली. एंडेलने दोन्ही हात पुढे केले. तळव्यांची कातडी फाटलेली, नखांत ओली माती. त्याने मान खाली घातली, जशी ते वाक्य ऐकताना घालतात.

वाक्य चार शब्दांचं होतं. ते म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. लोकांनी घरी जाऊन माशाचं कालवण खाल्लं असतं, नऊ बायकांनी वर्षभर लाल कडा शिवल्या असत्या, आणि दुकानात हेल्यू हसत राहिली असती. खोटं बोलणं अवघड असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी खरं बोलून बघितलेलं नसतं.

"हे कुणाच्याच हातचं नाही," हेल्यू म्हणाली.

एंडेलने मान वर केली.

"यंत्राचं आहे. टोपलीतले सगळे. मान्नीचे मी विकले. नाताळच्या दुकानाला. चौदाच्या चौदा."

मग वीवेचा आवाज आला, जरा मोठाच, "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. हेल्यू, चल घरी."

हेल्यूने हातमोजा उलटा केला आणि उंच धरला. पुरुषांना काही कळलं नाही, पण बायकांना दहा पावलांवरून कळलं. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आर्वो बायकोकडे बघत होता, जणू ती परक्या भाषेत बोलत होती.

"आईला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"नाही. तिला वाटलं, तिचेच आहेत. तिला आवडले."

चौघांतला सगळ्यात लहान, लाल नाकाचा, कुजबुजला, "एंडेलकाका, गारठा फार आहे हो. असेनात का यंत्राचे." त्याने एक जोड टोपलीतून उचलून घातलाही होता. एंडेलने नुसतं त्याच्याकडे बघितलं. पोराने हातमोजे काढले आणि घडी करून परत ठेवले.

एंडेलने फावडं उचललं. उघड्या हातांनी. मग बाकीच्या तिघांनी. गोठलेली ढेकळं लाकडावर पडायला लागली. पाद्र्याने हेल्यूचा जोड हातात घातला होता. तो हळूच काढून त्याने खिशात घातला.

त्यानंतर बेटाने हेल्यूशी बोलणं सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात 'थंडी आहे ना' एवढं म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. त्रीनचा फोन आला. बेटाची गोष्ट आता 'गुंतागुंतीची' झाली आहे, म्हणून कंपनी दुसऱ्या एका गावाशी बोलत आहे. सात बायका हेल्यूला बघून रस्ता बदलायच्या. आठवी वीवे. ती रस्ता बदलत नव्हती. सरळ समोरून यायची आणि जाताना म्हणायची, "पोट भरलं का खरं बोलून?" आर्वो दोन आठवडे फक्त मेंढ्यांबद्दल बोलला.

कंपनीचं काही बिघडलं नाही. अशा कंपनीचं कधी काही बिघडत नाही. गावाला गाव मिळतं, नक्षीला नक्षी मिळते. बिघडतं ते इथे, दोन घरांच्या मधल्या कुंपणात.

हेल्यूने मनगट बांधलं आणि विणायला बसली. या वेळी घाई नव्हती. खिडकीत बसून विणत होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. रोज थोडंसं. आवळलेला टाका आला की उसवायची. नाताळच्या आदल्या दिवशी एक जोड पुरा झाला. दुपारी तिने मोटरसायकल काढली आणि एंडेलच्या घरी गेली.

घरात डुकराच्या मांसाचा आणि आंबवलेल्या कोबीचा वास भरला होता. एंडेल चुलीशी बसून जाळं दुरुस्त करत होता.

"ये, सूनबाई. दार लाव, ऊब जाते."

तिने जोड त्याच्यापुढे धरला. त्याने जाळं बाजूला ठेवलं, हात विजारीला पुसले, हातमोजे घातले. मुठी वळून बघितल्या. काढले. उलटे करून आतली बाजू खिडकीच्या उजेडात धरली. म्हणजे त्याला कळत होतं.

"चांगलं केलंस."

"मग ठेवा, काका. बाकीच्यांचेही विणतेय. उन्हाळ्यापर्यंत होतील."

एंडेलची नजर दाराकडे गेली. दारामागच्या खुंटीवर हातमोज्यांचा एक जुना जोड लटकत होता. राखाडी पडलेला, तळव्याला दोनदा रफू केलेला. नक्षी हेल्यूने लगेच ओळखली. आर्वोच्या बापाच्या कबरीवर मान्नीने दिलेला. अंगठा तिरका होता. काळ्या ओळीत एक पांढरा टाका भलत्याच ठिकाणी बसला होता. दारुड्याची पाऊलवाट.

"खड्डा मी मान्नीसाठी खणला," एंडेल म्हणाला. "तिचं मला पोचायचं होतं. ते कुणाच्या तरी भिंतीवर आहे. हे तुझं आहे. तुझं मी अजून काही केलेलं नाही."

"मग मी काय करू याचं?"

"पेटीत ठेव. तुझ्या मरणाला दे."

"तोवर तुम्ही असाल का?"

"नसेन." त्याने जोड तिच्या हातात परत दिला आणि जाळं मांडीवर ओढलं. "माझा पोरगा खणेल. त्याचे हात मोठे आहेत, पुढचा जोड जरा सैल घाल."

घरी आली तेव्हा अंधार पडला होता. आर्वोने नाताळच्या झाडाला मेणबत्त्या लावून ठेवल्या होत्या, पण पेटवल्या नव्हत्या. मान्नीची पेटी भिंतीशी तशीच होती, रिकामी. आतला साबणाचा आणि जुन्या लोकरीचा वास मात्र गेला नव्हता. हेल्यूने झाकण उघडलं आणि जोड तळाशी ठेवला.

"नाही घेतला?" आर्वोने मागून विचारलं.

"नाही."

"मग आता?"

"तेरा राहिले."

आर्वोने काडी ओढली. हेल्यूची नजर खिडकीतल्या सुयांकडे गेली, पण नाताळात लोकरीला हात लावायचा नसतो. ती बाकावर बसली आणि दोन्ही हात मांडीत घेतले. मनगट ठणकत होतं.